गाडीचं विचारा : इंजिन बांधून मिळतं, पत्रा नाही

आंब्याचे पैसे हातात आले की कोकणातल्या माणसाला दोन गोष्टी सुचतात : घराची पडवी वाढवणं आणि जुनी गाडी घेणं. पडवीचं विचारायला गवंडी आहे, गाडीचं विचारायला तुम्ही मला पत्रं लिहिता. या वेळच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं पिकअपची आहेत. त्यातलं एक मोठं पत्र आधी घेतो, कारण त्यात माणसाने खरं काय ते लिहिलंय.

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. हंगामात टेम्पोवाल्यांच्या विनवण्या करून कंटाळलो, म्हणून जुनी पण दणकट पिकअप घ्यायची आहे. क्रेट, शेणखत, कधी चिरे, असं सगळं वाहायचं. पण वय ४१ आहे आणि मनातून मला एक मजेची गाडीही हवी आहे. गिअरची, छोटी, हातात खेळणारी. माझदाच्या त्या उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीचे व्हिडिओ रात्री बघत बसतो. दोन्ही मिळून सात लाखांची तयारी आहे. बायको म्हणते, एकाच गाडीत दोन्ही कामं होणारी बघा. होईल का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : नाही होणार. वहिनींचा हिशेब पैशाच्या बाजूने बरोबर आहे, पण पिकअपच्या पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, तो कळत नाही. मागचे पाटे टनभर ओझ्यासाठी घातलेले असतात. गाडी रिकामी असली की मागचा भाग प्रत्येक खड्ड्यावर उडतो आणि ओल्या वळणावर मागची चाकं आपल्या मनाने जातात. तिच्यात मजा शोधायला गेलात तर एक दिवस कुणाच्या तरी दगडी गडग्यात सापडाल.

तेव्हा गाड्या दोन, आणि आधी पिकअप. सात लाखांतले दीड लाख आजच वेगळे काढून वहिनींकडे द्या. दोन जुन्या गाड्या घरात आल्या की पहिल्या पावसाळ्याच्या आत टायर, बॅटऱ्या, क्लच प्लेट, ब्रेकचं काम, विमा आणि आरटीओ हे सगळं एकदम दारात उभं राहतं. उरलेल्या साडेपाचांतला मोठा वाटा पिकअपला.

पिकअप बघायला गेलं की लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहतात. मी आधी गोणपाट टाकून गाडीखाली जातो. एसटीच्या वर्कशॉपात माझा जन्म गेला. इंजिन उतरवायचं, बांधायचं, परत चढवायचं, हे तिथे रोजचंच होतं. कुजलेल्या सांगाड्याला हात लावायला मात्र कुणी धजत नसे. आजही तेच आहे. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, कुठेही जा, लायनर-पिस्टन टाकून देणारा, पंप-नोझल करून देणारा माणूस मिळतो. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली चेसिस, म्हणजे हा सांगाडा, नवी करून देणारा मिळत नाही. तो वेल्डिंगचं ठिगळ मारतो, वर काळा रंग फासतो आणि ती गाडी तुमच्यासारख्याला विकली जाते.

म्हणून खालून नवाकोरा काळा रंग दिसला की लहान हातोडी काढा. चांगला लोखंडी पट्टा टणकन वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. मागच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे त्यांना धरणाऱ्या कड्या, जिथे चेसिसला धरलेले असतात ती जागा, हौद्याचे, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचे, आडवे बार चेसिसवर टेकतात ती जागा, केबिनमध्ये रबरी मॅट उचलून ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा आणि बॅटरीची पेटी, एवढं नीट बघितलं तरी निम्मी गाडी कळते. आपली तांबडी माती या सांध्यांमध्ये भरून राहते आणि आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. मग खालून, जिथे नजर जात नाही तिथे, काम चालू राहतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवा. खपल्या हाताला लागल्या तर त्या नळ्या बदलायचे पैसे किमतीतून वजा करा.

चेसिस नंबर स्वतः वाचा. बोटाने पुसून, टॉर्च मारून. पासिंगला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, आरटीओत त्या नंबराचा छाप घेतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा नंबरच गंजाने खाल्लेला असतो, आणि मग कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे हे पटवता पटवता चपला झिजतात.

मासळी वाहिलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला बंदरावर उभ्या असलेल्या पिकअप बघा : बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटींतून रात्रभर चेसिसवर ठिबकत असतं. विकणारा फिनेलने धुऊन, हौद्यात नवी चेकर्ड प्लेट टाकून आणतो. पण सीटच्या फोममध्ये वास राहतोच. दारं बंद करून उन्हात अर्धा तास गाडी उभी करा आणि मग आत बसा. कुणाला काही विचारायची गरज पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग घाटावरची घेतो. कोल्हापूर, कराड, साताऱ्याकडची गाडी गंजापासून वाचलेली असते हे खरं. पण तिने ऊस वाहिलेला असतो, विटा वाहिलेल्या असतात, आणि तेही मंजूर ओझ्याच्या दुप्पट. तिथे पाटे बघा. सपाट झोपलेले, मध्येच एक-दोन नवे जास्तीचे घातलेले असतील तर चेसिसनेही ते सोसलंय. मागून वीस पावलांवर उभं राहून केबिन आणि हौदा एका रेषेत आहेत का ते बघा. तरीही दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी घाटावरचीच उचलीन. पाटे बदलता येतात.

आता कुठली. टाटा २०७ डीआय चांगली मिळाली तर तुमच्या कामाला माझं पहिलं मत तिला. २९५६ सीसीचं साधं डिझेल इंजिन, कमी आरपीएमला ओढणारं. भरलेली गाडी कातळावरून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढवायला हेच लागतं. टाटांनी या जातीची पिकअप १९८८ साली टाटामोबाईल नावाने आणली, तेव्हापासून तिची हाडं आपल्याकडच्या मेकॅनिकना पाठ आहेत. दुसरी महिंद्राची बोलेरो पिकअप, त्यातही जुन्या २५२३ सीसी एमडीआय इंजिनाची. सुटे भाग तर तालुक्याच्या बाजारात मिळतात. याच क्षमतेचं पुढे आलेलं कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने डिझेल फवारणारं, इंजिन जास्त ताकदवान आणि कमी धुराचं आहे, पण त्याचे इंजेक्टर डिझेलातलं पाणी आणि घाण सहन करत नाहीत. तुम्ही बागेत ड्रममध्ये डिझेल साठवणार असाल तर जुना मेकॅनिकल पंपच बरा. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ पासून गावागावात आहे आणि सपाटीला उत्तमच आहे. पण पहिल्या एसचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी इंजिन भरल्या ओझ्याने तुमच्या बागेचा चढ चढताना देवाचं नाव घेतं.

ओझ्याचं एक सांगून ठेवतो. क्रेट विसेक किलोचा धरला तर पन्नास क्रेट म्हणजे टन, तिथपर्यंत ठीक. जांभ्याचा चिरा मात्र तीस किलोच्या घरात जातो. शंभर चिरे म्हणजे तीन टन. लोक भरतात, तुम्ही भरू नका. टनाची पिकअप असेल तर तीस-पस्तीस चिरे भरा आणि खेपा वाढवा.

इंजिनाची परीक्षा सोपी आहे. मालकाला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा आणि गार होऊ द्या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर सांभाळून. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडा. वाफ जोरात फकफक बाहेर आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने वायू खाली निसटतोय, इंजिन बांधायला आलंय. त्यावर गाडी नाकारू नका, भाव पाडा! मग उतारावर न्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून द्या. गिअर उडून न्यूट्रल झाला तर गिअरबॉक्स उतरणार. मागून वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू आली तर मागच्या एक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर गेले.

कागद : पिकअप पिवळ्या नंबर प्लेटची मालवाहू असते. आठ वर्षांनंतर तिचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं आणि पर्यावरण कर लागतो. फिटनेस संपलेली गाडी ‘नंतर करून देतो’ या शब्दावर घेऊ नका. कर्ज होतं का बघा, असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. दंडाची थकलेली चलनं परिवहनच्या ॲपवर दिसतात, तीही बघून घ्या. तुमचं साधं हलक्या मोटारीचं लायसन पुरतं. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळं लायसन लागत नाही, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलंय. गावातला एजंट उलट सांगून पैसे मागेल.

हे झालं पोटाचं. आता मजेचं.

तुमची ती माझदा, एमएक्स-५, कंपनीने भारतात कधी विकलीच नाही. पण ती का आवडते हे समजून घ्या. १९८९ ची पहिली गाडी होती टनाच्या आतली, इंजिन १.६ लिटरचं, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. ताकद म्हणाल तर आजची शाळेच्या फेऱ्या मारणारी एसयूव्हीसुद्धा तिच्यापुढे जाईल. तिची सगळी गंमत हलकेपणात आहे. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, ब्रेक दाबला की गाडी थांबते, आणि गिअर आपल्या मनगटाने पडतो.

ती गंमत देवगड ते कुणकेश्वर, पुढे आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हवी असेल तर दीडशे घोड्यांची, म्हणजे हॉर्सपॉवरची, गरज नाही. तिथे एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गुरं, आणि पुढच्या वळणावर एसटी. तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. मोठी ताकद तिथे नुसती बॉनेटखाली बसून राहते. छोटं इंजिन मात्र पूर्ण पिळून चालवता येतं, तेही साठच्या आत.

माझं उत्तर ऐकून तुमचा विरस होईल : जुनी मारुती स्विफ्ट, २००५ ते २०१० मधली, १.३ पेट्रोल. ८७ घोडे, सुमारे टनभर वजन, आणि इंजिन त्याच जी-१३ घराण्यातलं जे एस्टीम आणि जिप्सीत होतं. एस्टीम आणि जिप्सी आपल्या देशातल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं का धावल्या, ते या इंजिनाला साडेपाच हजार आरपीएमपर्यंत नेलं की कळतं. त्याहून स्वस्तात झेन एमपीएफआय : एक लिटर, ६० घोडे, वजन आठशेच्याही आत. चांगल्या पत्र्याची झेन मिळणं हेच आता कठीण. होंडा सिटीची २००० सालच्या सुमाराची १.५ व्हीटेक, १०६ घोड्यांची, या सगळ्यांत रंगेल. पण ती बसकी आहे. तुमच्या वाडीतल्या घरगुती गतिरोधकांवर तिचं पोट रोज घासेल. फियाट पालिओ १.६ वरही माझं मन आहे, पण तिच्या एखाद्या भागासाठी पुण्या-मुंबईला फोन लावत बसायचं असेल तरच. बलेनो आरएस, २०१७ नंतरची, एक लिटर टर्बोची, १०२ घोड्यांची आणि साडेनऊशे किलोच्या आसपास, ती मात्र आजही झकास. पण पिकअप घेतल्यावर उरलेल्या पैशात ती बसणार नाही. पुढच्या चांगल्या हंगामाला बघा.

या गाडीलाही नियम तोच. दाराचे खालचे काठ, मागच्या चाकाची कमान, डिकीतली स्टेपनीची खळगी, विंडशील्डच्या खालचा कोपरा बघा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२२ मध्ये कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली, वीस वर्षांहून जुन्या कारसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली, शिवाय पर्यावरण कर. तुम्ही घेणार ती गाडी या उंबरठ्याच्या आत आहे की बाहेर, हे भाव ठरवण्याआधी आरसी बुकात बघा.

आणि वहिनींना एकदा झेन चालवायला द्या. पुढची चर्चा सोपी जाईल.

प्रश्न : चिपळूणहून एक सहा गिअरची टर्बो हॅचबॅक फार स्वस्तात येते आहे, २०१९ चं मॉडेल. मालक म्हणतो, ‘पुराच्या वेळी गाडी वर होती.’ विश्वास ठेवावा का?
— वाचक, खेड

उत्तर : वर म्हणजे कुठे, ते विचारा. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात पाणी घरांच्या पहिल्या मजल्याला लागलं होतं.

मालकाशी वाद नको, गाडीलाच विचारा. चारही सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस दिसतो तेवढाच पट्टा धुतो. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेष राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, फ्यूजच्या पेटीत बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत धुकं आहे का, एसी लावल्यावर पहिल्या मिनिटात कुबट वास येतो का, ते बघा. गालिच्याचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. आणि एक कागदी युक्ती : विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. क्लेम न करणाऱ्याला नो-क्लेम बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो. २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या नूतनीकरणात तो एकदम शून्य झाला असेल तर त्या वर्षी क्लेम घेतला गेलाय. कशासाठी, ते मालकाने सांगावं.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये पाणी शिरलं तर ऑइलं बदलून, हब उघडून, वायरिंग सुकवून ती पुन्हा उभी करता येते. तुमच्या टर्बो गाडीत मात्र डझनभर कॉम्प्युटर आहेत. त्यांच्या पिनांना हिरवा गंज चढतो आणि बिघाड दर पावसाळ्यात नव्या जागी निघतो. खूण एकही सापडली तर सोडा.

प्रश्न : मी कुवेतला नोकरीला असतो, घर राजापूर तालुक्यात. इथे जुनी टोयोटा हायलक्स पिकअप गिअरची, मजबूत, चांगल्या भावात मिळते. गावी जहाजाने पाठवता येईल का?
— वाचक, कुवेत

उत्तर : भाऊ, नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. कुवेतची गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे विषय तिथेच संपला. नियमात बसली असती तरी जकात भरून ती गाडी तुम्हाला फार महाग पडली असती. कुणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्याला पैसे पाठवू नका.

हायलक्सची आवड असेल तर ती २०२२ पासून इथेच मिळते, २.८ लिटर डिझेल, सहा गिअरची मॅन्युअलही आहे. पण तिचा भाव बघता मी म्हणेन, गावी घराला आणि कलमांना पिकअप हवी असेल तर इसुझू डी-मॅक्सची साधी दोन दारांची घ्या, किंवा वर देवगडच्या दादांना सांगितलंय ते वाचा. हायलक्स वाळवंटातच चालवा, तिथे ती शोभते.

प्रश्न : मी रत्नागिरीला इंजिनिअरिंगला आहे. मला गिअरची गाडीच शिकायची आहे, बाबा म्हणतात ऑटोमॅटिक घेऊ. ते घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. मला भीती वाटते. कोण बरोबर?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, भीती बरोबर आहे. बाबांना हे पान वाचायला दे.

कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचायचं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे बाबा आंबा घाटात पेट्रोल वाचवत नाहीत, जाळतात.

दुसरं, न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेकचे लायनर तापतात, मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगड होतं. घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम धर : ज्या गिअरमध्ये चढवशील त्याच गिअरमध्ये उतरव. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबायचा आणि सोडायचा, सतत पाय टेकवून ठेवायचा नाही. जळका वास आला तर जागा बघून थांबायचं, आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही.

चढावर गाडी मागे जाते म्हणून मुलं घाबरतात. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोड. बॉनेट किंचित उचललं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. परटवणेच्या चढावर रविवारी सकाळी रहदारी नसताना सराव कर. गाडी कुठली? कुणाची तरी जुनी वॅगन-आर किंवा स्विफ्ट. पहिली क्लच प्लेट तू जाळणारच आहेस, ती स्वस्त असलेली बरी. एकदा गिअरची हातात बसली की ऑटोमॅटिक कुणालाही येते. उलटं होत नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर राहतो. नव्याने घेतलेल्या जुन्या जीपला खालून अंडरकोटिंग करू का?
— वाचक, गुहागर

उत्तर : आधी गंज पूर्ण खरवडून, प्रायमर मारून, मग. गंजावरच काळा थर मारलात तर ओल आत कोंडते आणि पत्रा झाकलेल्या जागी आणखी लवकर जातो. त्याहून स्वस्त उपाय असा : पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खालून, चाकांच्या कमानीत पाइप लावून माती काढा. दारांच्या खालची पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी ठेवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने गाडी धुऊ नका, लोक धुतात. गाडीला ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवू नका. वर झावळ्यांचं छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, हे बरं. आणि बॉनेटखाली उंदरांनी घरटं केलंय का, ते चालू करण्याआधी बघत जा.

प्रश्न : गोव्यात एकजण सॅन स्टॉर्म विकतोय. दोन सीटची, उघड्या टपाची, भारतीय. वेडेपणा आहे का?
— वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आहे, पण चांगला. ही गाडी गोव्यातच बनायची. इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, ६० घोडे, पाच गिअर. बॉडी पत्र्याची नव्हे, कॉम्पोझिटची, म्हणजे फायबरसारखी, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या हवेत तिला काही होत नाही. या पानावर इतका वेळ मी गंजावर बोलतोय, त्यात ही एकच गाडी सुटते. अर्थात बॉडीच्या आतला सांगाडा लोखंडीच आहे. तेव्हा हातोडी इथेही न्या. पुढची काच शाबूत आहे का ते सगळ्यात आधी बघा, कारण फुटली तर बनवून घ्यावी लागेल. टप गळेल. कुठूनही गळेल. पावसाळ्यात चार महिने ती पडवीत उभी राहणार हे मान्य असेल, आणि घरात कामाला दुसरी गाडी असेल, तर घ्या. आणि एकदा मलाही चक्कर मारून आणा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना गाडीचं साल, किलोमीटर, पेट्रोल की डिझेल आणि गाडी समुद्रापासून किती लांब उभी असते, एवढं नक्की लिहा. ‘गाडी आवाज करते, काय करू’ अशी पाच पत्रं या वेळी बाजूला ठेवावी लागली.